लोट्याहून आलेलं पार्सल

"ही वेदिका तुमची कोण?"

एवढंच तर विचारायचं होतं! मृणालीबरोबर कुरिअरच्या हबवर काम करणाऱ्या समीक्षाने सगळ्यांसमोर पैज लावली होती. "विचारलंस तर सुरमईची थाळी माझ्याकडून. नाही विचारलंस, तर त्या अजिंक्यचं नाव पुन्हा आमच्यापुढे काढायचं नाही! कान किटले गो आमचे!"

मृणाली पार्सलची तीनचाकी गाडी चालवायची. रत्नागिरीच्या चढउतारांवर ती अशी काही वळणं घ्यायची, की रिक्षावालेसुद्धा बाजू देत. तिच्या गाडीतून आजवर एकही पार्सल गहाळ झालं नव्हतं. घोटभर पाणी प्यायला उतरली तरी मागच्या दाराला कुलूप आणि किल्ली खिशात. ज्याचं नाव त्याच्याच हातात द्यायचं. आधी ओटीपी, मग मोबाइलवर बोटाने सही. आणि हबचे गुरुप्रसाद सर रोज बजावायचे, "पाठवलं कोणी, आत काय, हे आपण विचारायचं नाही."

नेमकं तेच तिला विचारायचं होतं!

अजिंक्य परटवण्याला राहायचा. मच्छीमार बोटींचे वायरलेस, जीपीएस दुरुस्त करायचा. मांडीवर उघडं यंत्र, कपाळावर आलेली बट, आणि मान वर करून तो हसला की... जाऊ दे. तर या अजिंक्यला दर शुक्रवारी पार्सल यायचं. पाठवणारीचं नाव वेदिका, गाव लोटे. जांभळ्या शाईतलं गोलमटोल अक्षर, आणि पत्त्याच्या कोपऱ्यात एक इवलंसं फूल.

फूल! पत्त्यावर कोणी फूल काढतं का? तव्यावर सुका जवळा तडतडावा, तशी मृणाली तडतडायची. आणि सगळा राग नियमांतून काढायची.

"ओळखपत्र दाखवा."

"अहो, गेल्या शुक्रवारी बघितलंत की!"

"तो गेला शुक्रवार. आज आजचं."

"बरं, मॅडम."

"आणि सही नीट करा. ही सही आहे की गांडूळ?"

एकदा तो घरी नव्हता, तर शेजारच्या दमयंतीकाकी कुंपणापाशी आल्या. "दे गो बायो माझ्याकडे, मी करतंय सही. शेजारी कशाला असतंत?"

"नको काकी, त्यांच्याच हातात द्यायचं असतं. मी परत येईन."

काकींना वाटलं, केवढी इमानदार पोर! खरं काय ते मृणालीलाच ठाऊक. पार्सल हातात घेताना त्याचा चेहरा खुलतो का, हे तिला बघायचं होतं.

या शुक्रवारी श्रावणातलं कोवळं ऊन होतं आणि मध्येच सर आली. गाडीला कुलूप घालून, पार्सल रेनकोटखाली धरून ती त्याच्या पडवीत धावली.

"भिजलात," तो म्हणाला.

"पार्सल नाही भिजलं."

"पार्सलचं कोण विचारतंय?"

गाल असे तापले की विचारू नका! तिने मोबाइल पुढे केला. "ओटीपी सांगा..." आणि आकडे टाकायच्या आधीच तोंडातून निसटलं, "ही वेदिका तुमची कोण?"

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"हे विचारणं नियमात बसतं?" त्याने भुवई उडवली.

"नाही बसत. करा तक्रार!"

तो उठला आणि त्याने कपाट उघडलं. आत सगळी पार्सलं ओळीने लावलेली. एकाचीही चिकटपट्टी निघालेली नव्हती.

"आयटीआयला आम्ही एका वर्गात होतो. दिवाळीत तिने सरळ विचारलं, लग्न करशील का? मी म्हटलं, विचार करून सांगतो... नाही म्हणायला जीभच रेटली नाही."

"मग पार्सलं घेता कशाला?"

"नाही घेतली तर..."

"तर काय?"

"तर तू कशाला येशील इथे?"

तू! पहिल्यांदाच तू! मृणालीचं काळीज भाट्याच्या किनाऱ्यावरच्या लाटेसारखं उसळलं... आणि दुसऱ्याच क्षणी तिचा पारा चढला.

"अरे शहाण्या! तू इथे सही केलीस की ती लगेच तिकडे तिच्या मोबाइलवर दिसते. 'मिळालं, अजिंक्यने स्वतः घेतलं.' दर शुक्रवारी ती ते बघत असेल! तिला वाटतंय तू हो म्हणतोयस. आणि तो हो पोचवत्ये कोण? मी!"

जिच्या नावाने महिनोन् महिने बोटं मोडली, तिच्यासाठीच ती आता भांडत होती. जळफळाट काही गेला नव्हता हां! पण...

"मग काय करू?" तो पुटपुटला.

"पार्सल नाकारता येतं. इथे 'नाकारलं' दाब आणि खाली सही कर. आणि तिला फोन कर, स्वतःच्या तोंडाने सांग."

"मग शुक्रवारी तू येणार नाहीस."

तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. "नाही येणार. कर सही."

त्याने सही केली, अक्षर न् अक्षर लागेल अशी. मग फोन घेऊन आवारातल्या फणसाखाली गेला. मृणाली पडवीतून बघत राहिली. केवढा वेळ बोलतोय! नाही म्हणायला एवढं बोलावं लागतं?

तो आला तेव्हा डोळे लाल होते. "रडली गो. मग म्हणाली, आधी सांगायचंस."

"बरोबर बोलली."

"आता तू सांग. काकी म्हणत होत्या, तुला डोंबिवलीच्या संदेशचं स्थळ आलंय. त्याला दिलंस उत्तर?"

मृणालीने मान फिरवली. "विचार करून सांगते म्हटलंय..."

"अच्छा!"

"हसू नकोस हां!"

"हसत नाही, मृणाली. जळतोय."

संध्याकाळी आई नारळ खवत होती आणि बाबा टीव्हीवर बातम्या बघत होते. मृणालीने टीव्ही बंद केला.

"काय गो हे?" बाबा ओरडले.

"बाबा, डोंबिवलीला फोन लावून द्या. मीच बोलणार. संदेश चांगला मुलगा आहे, म्हणूनच त्याला लटकवून ठेवायचं नाही. माझं उत्तर 'नाही' असं आहे."

आईच्या हातातली नारळाची कवड तशीच राहिली. "आणि कारण काय सांगणारेस?"

"खरं तेच. परटवण्याचा अजिंक्य मला आवडतो. लग्न केलं तर त्याच्याशीच करीन, आणि गाडीसुद्धा सोडणार नाही!"