चकलीची वाटी कोण चाटतं?

वाटी रोज सकाळी चाटूनपुसून लख्ख आणि चकली मात्र रोज थोडी वाळलेली. आता सांगा, हे गौडबंगाल नाही तर काय?

चकली ही तारिणीची गेको (पालीच्या कुळातला एक परदेशी प्राणी). डोळ्यांवर काटेरी झालर, म्हणून नाव चकली. वाईत तेव्हा घरटी एक यंत्रमानव असायचा, आणि असा प्राणी पाळायला प्राणिकेंद्राचा परवाना लागायचा. केंद्राच्या डॉक्टर मुजावरबाईंनी चकलीला काट्यावर ठेवलं. अडतीस ग्रॅमची चकली एकतीसवर आली होती!

"पंधरा दिवसांत वजन वाढलं नाही, तर मी हिला घेऊन जाणार," बाईंनी बजावलं.

तारिणी तपासाला लागली. घरात कुणीतरी चोर होता.

पहिला संशय आजोबांवर. शास्त्रज्ञ खरे, पण गोडाला भारी हपापलेले. आणि चकलीची खीर (तयार भुकटी पाण्यात कालवून केलेलं जेवण) पडली केळ्या-आंब्याच्या वासाची!

"आजोबा, खरं सांगा. खीर कोण खातं?"

"मी एकदाच चाखली गं. साखर कमी होती."

दुसरा संशय सदुभाऊवर. हा घरातला यंत्रमानव. आधी मंगल कार्यालयात वाढपी होता. हजारो पंगती उठवून आता चकलीची वाटी भरायला लागला होता.

"मी फक्त वाढतो, ताई. मला पोटच बसवलेलं नाही," तो म्हणाला. पण इतक्या घाईने म्हणाला, की तारिणीचे डोळे बारीक झाले.

तिने सापळा रचला. संध्याकाळी चकलीच्या काचेच्या पेटीच्या दाराबाहेर रांगोळी पसरली. आतही पसरणार, तोच आजोबांनी हात धरला. "आत रांगोळी नको, चकलीच्या पोटात जाईल. ही चिमूटभर कॅल्शियमची भुकटी भुरभुरव." हे सांगताना ते मिशीत हसले. तारिणीला तेही संशयास्पदच वाटलं.

सकाळी पाहते तो काय! बाहेर सदुभाऊच्या चाकांचे दोन पट्टे, येताना आणि जाताना.

"सापडलास!"

"थांब," आजोबा म्हणाले. "वाटीभोवती कुणाचे पाय आहेत?"

तारिणीने भिंग धरलं. चकलीच्या पसरट बोटांचा एकही ठसा नव्हता. होत्या बारीक ठिपक्यांच्या रांगा, शेकड्यांनी. तिने पेटीतलं लाकडाचं साल उचललं. खाली रातकिड्यांची जत्रा! एकेक गुबगुबीत, अंगाला पांढरी भुकटी फासलेला. आणि चकली वरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, शेपटीवर चाव्यांच्या खुणा.

"सदुभाऊ, चकलीला खायला किती रातकिडे सोडलेस रे?"

"वाटी रिकामी दिसली, म्हणजे पाहुण्यांना आवडली. म्हणून खीर वाढली, रातकिडेही वाढले. पानावर आडवा हात धरल्याशिवाय थांबायचं नाही, असंच शिकवलंय मला. आणि ताई, चकलीने हात धरलाच नाही!"

आजोबा पोट धरून हसले. तारिणीला मात्र रडू आलं. "म्हणजे खीर किडे खात होते, वर चकलीलाच चावत होते. मग तिला किडे द्यायचेच नाहीत!"

"असं कसं? खिरीत तिला लागणारं सगळं मोजून घातलेलं असतं, म्हणून बहुतेक दिवस खीरच. पण आठवड्यातून एक-दोनदा शिकार हवी. प्रथिनं मिळतात, पाय पळतात, डोकंही चालतं."

"आणि रोजच किडे दिले तर?"

"कीटकांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम फार कमी. नुसत्या किड्यांवर तिची हाडं मऊ पडतील. म्हणून त्यांना आधी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचं. तू ते नकळत केलंसच की!"

तारिणीने डोळे पुसले. आजोबा पुढे म्हणाले, "रातकिडा म्हणजे चालता डबा. डब्यात जे भरशील, तेच चकलीच्या पोटात. म्हणून आदल्या दिवशी त्याला गाजर-भाजी खाऊ घाल. किडा चकलीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आणि पाव तासात खाल्ला नाही, तर उचलून बाहेर."

त्या दिवशी दुपारभर तिघांनी रातकिडे पकडले. आजोबांच्या धोतरात शिरलेले दोन तर जिल्हा ओलांडून गेले म्हणतात! सदुभाऊच्या मेंदूत तारिणीने नवा नियम घातला: पान रिकामं दिसलं, तर आधी शोधायचं, खाल्लं कोणी.

पंधराव्या दिवशी मुजावरबाईंनी काटा काढला. तारिणी काट्यावर वाकली. चौतीस!

"राहू दे तुझ्याकडेच," बाई म्हणाल्या. "आणि तो नियम केंद्रातल्या सगळ्या यंत्रमानवांना देशील? तिथे शंभर पेट्या आहेत."

तारिणी मान हलवते तोवर सदुभाऊ बाईंसाठी आणलेल्या लाडवांच्या बशीपाशी थबकला. बशी रिकामी होती. त्याने डोळ्यातला दिवा लावला आणि सावकाश सगळ्यांकडे पाहिलं.

"हे कोणी खाल्लं?"

आजोबांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी फक्त बशीवर हात आडवा धरला.