कोरससाठी सोडलेली जागा

रविकांत सोनवणे मस्कतच्या एका हॉटेलात आयुष्यभर ब्लूज आणि सोल ही अमेरिकी ढंगाची गाणी गायले. त्यांच्या गाण्यात मधेच येणाऱ्या शांततेचं पाहुण्यांना भारी कौतुक. खरं कारण फक्त त्यांच्या लेकीला, रचनाला ठाऊक होतं. बाबा घडले गावाकडं, निळ्या झेंड्याखालच्या जयंतीच्या गायन पार्टीत. ओळ म्हणायची, मग मागच्या कोरसला ती उचलायला जागा द्यायची, ही सवय हाडीमाशी मुरलेली. हॉटेलात मागं कोणीच नसायचं, तरी ते थांबायचे. घरी सराव करताना रचनाला म्हणायचे, "उचल की गं!" ती लाजून पळायची.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग उरलं, गिटारवर म्हटलेलं एक मराठी गाणं. यंदा जयंतीला मस्कतजवळच्या अल अमेरातच्या हॉलमध्ये ते ऐकवायचं ठरलं. कार्यक्रम भरगच्च होता, म्हणून इंजिनियर रचनानं दुपारी लॅपटॉपवर बसून गाण्यातल्या रिकाम्या जागा कापून टाकल्या. काम कसं चोख झालं.

दुसऱ्या दिवशी लावलं, तर जागा परत आल्या होत्या.

"जुनी फाइल ओपन केली असशील," तिचा नवरा प्रफुल्ल म्हणाला.

तिनं पुन्हा कापलं. संध्याकाळपर्यंत जागा आणखी लांबल्या. खिडकीबाहेरचे बोडके डोंगर पिवळे पडले होते, एसी घरघरत होता, आणि त्या शांततेत कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. बाबांचाच. रचनाला भीती वाटली नाही. उलट इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

शुक्रवारी सकाळी प्रफुल्ल स्वयंपाकघरात मटणाला फोडणी देत होता. तिनं स्पीकर लावला.

"समुद्राकाठी घर बांधलं, दार मात्र गावाकडं..." बाबा थांबले.

तिनं ओळ उचलली. लाजत, पण उचलली.

गिटार खुलली. पुढची ओळ आली. तीही तिनं उचलली.

शेवटी बाबा अगदी कानाशी म्हणाले, "आता कसं!"

तिनं घाईघाईनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

गिटार होती. मागून ओळ उचलणारा तिचा स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये होता. बाबांच्या ओळींच्या जागी काहीच नव्हतं.

बाबांचा एवढा एकच आवाज उरला होता आणि तोही गेला. तिनं स्पीकर बंद केला आणि नवऱ्याला हाक मारली.

"आलो," आतून प्रफुल्ल म्हणाला. "पण बाबांच्या आवाजातली माझ्या नावाची ही हाक तुला कुठं सापडली गं?"