एकवीस नंबरची निगेटिव्ह

निवृत्त झाल्यावर काही माणसं बागेत रमतात, काही सोसायटीच्या कमिटीत शिरून शेजाऱ्यांच्या नाकात दम आणतात. धर्मपाल तायडेने लॅपटॉप घेतला. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं आरेखक म्हणून त्याने कालव्यांचे नकाशे काढले होते, हात सरळ रेषेला सरावलेला होता. तरुणपणी कॅमेऱ्याचं भारी वेड. चिखलदरा, लोणार, मुक्तागिरी, जिथे गेला तिथे दोन-दोन रोल संपवून आला. त्या सगळ्या निगेटिव्ह त्याने राजकमल चौकातल्या एका स्टुडिओतून स्कॅन करून आणल्या, आणि गाडगेनगरच्या घरात खिडकीशी टेबल ओढून तो फोटो सुधारायला शिकू लागला.

शिकवायला पायल होती, त्याची मुलगी. पुण्याच्या कंपनीचं काम ती घरूनच करायची आणि जेवणाच्या सुट्टीत बापाची शिकवणी घ्यायची.

“बाबा, सावली थोडी उचला. थोडी म्हटलं मी! हे तर पांढरंफटक करून राहिले तुमी.”

“मंग तूच कर.”

“मी केलं तर तुमी शिकसान कधी?”

महिनाभरात गडी तयार झाला. त्याने वाकडी क्षितिजं सरळ केली, लोणारच्या पाण्याचा उडालेला हिरवा रंग परत आणला, मुक्तागिरीच्या पायऱ्यांवर मध्येच आलेला कोणी अनोळखी माणूस पुसून टाकला. ते पुसताना त्याला मौज वाटली होती. घटकेपूर्वी तिथे माणूस होता, आता मागच्या पायऱ्या जशाच्या तशा दिसत होत्या.

एक फोल्डर मात्र त्याने उघडला नव्हता. स्टुडिओवाल्याने पाकिटावरचं नावच त्याला दिलं होतं, शकुंतला, मे ९७. त्या निगेटिव्ह धर्मपालने कधी छापल्या नव्हत्या आणि कधी फेकल्याही नव्हत्या. फेकवत नव्हत्या नि बघवत नव्हत्या, अशी त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती.

श्रावण संपता संपता अकोल्याहून मैनाताईचा फोन आला.

“जयभीम, धर्मपाल. सूर्यभानचा फोटो हाय का रे तुयापाशी? मोर्णेचं पानी घरात शिरलं तवा व्हता तो एकुलता फोटो गेला. आता पोरानं खडकीत नवं घर बांधलं. आईबाबाचे फोटो लावले, त्याची जागा रिकामी हाय. तू तर लय फोटो काढे.”

“पाहतो, ताई,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

सूर्यभान मैनाताईचा धाकटा भाऊ, धर्मपालचा जिवाभावाचा दोस्त आणि खात्यातलाच सहकारी. मे ९७ मध्ये दोघं मूर्तिजापूरहून अचलपूरला शकुंतला नावाच्या छोट्या आगगाडीने निघाले होते. ती गाडी इतकी संथ, की लोक चालत्या गाडीतून उतरायचे, विडी पेटवून तिच्या बाजूने चालायचे आणि झुरके संपले की परत चढायचे. यात कोणाला काही विशेष वाटत नसे. तसाच सूर्यभान कुठेतरी उतरला असावा, आपला डोळा लागला होता, अंजनगावला जाग आली तेव्हा तो डब्यात नव्हता, असं धर्मपालने सगळ्यांना सांगितलं होतं. संध्याकाळी रुळाच्या कडेला, बाभळीखाली, ऊन लागून पडलेला सूर्यभान गुराख्यांना सापडला. दर्यापूरला रात्री तो गेला. सगळ्यांनी शकुंतलेला शिव्या घातल्या आणि धर्मपालला धीर दिला.

या हकिकतीत खोटं एवढंच होतं, की धर्मपाल झोपलेला नव्हता.

त्याने फोल्डर उघडला. सूर्यभानला दात पुढे असल्याची फार लाज. कॅमेरा दिसला की तो मान फिरवायचा, नाहीतर तोंडावर हात धरायचा. वीस फोटोंत त्याची पाठ होती, कान होता, टोपी होती. चेहरा फक्त एकाच फोटोत होता, एकविसाव्या.

त्यात तो रुळाच्या कडेने धावत होता. मागे काळी, उललेली जमीन, वर पांढरं पडलेलं आभाळ. उजवा हात पुढे, तोंड उघडं, डोळे थेट कॅमेऱ्यात.

“उतर न, लेका,” धर्मपालनेच म्हटलं होतं. “पळत ये. मी दरवाज्यातून काढतो. पेपरात छापून येईन.” सूर्यभान दोनदा हसत उतरला आणि दोनदा चढला. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा लाखपुरीच्या पुढे उतार लागला, आणि ती मेंगळट गाडी नेमकी तेव्हा पळाली. सूर्यभानने हात पुढे केला. धर्मपालचा डोळा कॅमेऱ्याच्या काचेला होता. फोटो फार सुंदर येणार होता.

एवढंच झालं. पुढचं स्टेशन आलं तेव्हा धर्मपाल उतरला, दहा मिनिटं सावलीत उभा राहिला, आणि शिटी झाल्यावर परत चढला. येईल मागून, असं त्याला वाटलं, किंवा वाटून घेतलं. अचलपूरला उजेड चांगला होता, म्हणून त्याने रोलही संपवला. या शेवटच्या गोष्टीची लाज त्याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटायची, आणि तिच्याबद्दल तर तो स्वतःशीसुद्धा बोलत नसे.

त्याने नुसता चेहरा कापून घेतला. हात, रूळ, जमीन सगळं बाहेर टाकलं आणि तुकडा वेगळ्या फाइलमध्ये ठेवला. पण भिंतीवर लावायचा फोटो गळ्यापाशी कसा संपणार? निदान खांदे तरी हवेत. त्याने पायलला विचारलं.

“सोपं हाय, बाबा. कडेची रिकामी जागा निवडायची, इथं दाबायचं. फ्रेमच्या बाहेर काय असंन, ते सॉफ्टवेअर आपल्या मनानं भरते. तीन नमुने देते, आवडंन तो ठेवायचा.”

“त्याले कसं समजते बाहेर काय व्हतं?”

“समजत नाई. अंदाज मारते.”

तिची मीटिंग सुरू झाली, ती आत गेली. धर्मपालने चेहऱ्याच्या उजवीकडची पट्टी निवडली आणि बटण दाबलं. पडद्यावरचं चाक फिरलं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, भर दुपारचे दोन वाजले होते.

पहिल्या नमुन्यात खांदा आला, दंड आला, पुढे झालेला हात आला. ठीक. खांदा उचललेला होता, त्यावरून हात ओळखला असेल. पण हाताच्या पलीकडे रंग उडालेली उभी लोखंडी दांडी होती, आणि दांडीवर दुसऱ्या कोणाचा तरी डावा हात.

कापलेल्या तुकड्यात गाडीचं नखसुद्धा नव्हतं. त्याने दोनदा तपासलं.

दुसऱ्या नमुन्यात तो डावा हात दांडी सोडून अर्धा पुढे आला होता. तिसऱ्यात तो मागे गेला होता, आणि कॅमेऱ्याच्या भिंगाला खालून आधार देत होता. मनगटावर घड्याळ होतं. त्याचा पट्टा तुटला म्हणून कोणीतरी पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला दिसत होता.

तो पट्टा धर्मपालच्या बापाने शिवला होता. घड्याळ कधीच मोडीत गेलं, आणि फोटो काढणारा धर्मपाल स्वतः कुठल्याच फोटोत नव्हता.

तीनही नमुने अगदी घडले त्या क्रमाने होते. आधी हात दांडीवर होता. मग सोडला, पुढे केला. मग कॅमेरा हलू नये म्हणून मागे घेतला.

त्याने सगळं पुसलं. डावीकडची पट्टी निवडली, जिथे नुसतं रान होतं. तीच दांडी आली. वरची निवडली, खालची निवडली. काय भरायचं ते सांगायच्या चौकटीत चक्क लिहून पाहिलं, फक्त शेत. तोच हात आला, आणि दर वेळी थोडा जास्त स्पष्ट.

पायल पाणी प्यायला आली तशी त्याने स्क्रीन झाकली. पोरीसमोर असं दचकून लॅपटॉप मिटणारा बाप तिने कधी पाहिला नव्हता. तिने ग्लास तसाच भरून आत नेला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती गेल्यावर त्याने दुसरा नमुना कागदावर छापला. जुनी सवय. मोजपट्टी काढली, चेहऱ्याची लांबी नऊ इंच धरली, त्या प्रमाणात दोन हातांमधलं अंतर मोजलं. सत्तावीस वर्षं तो स्वतःला सांगत आला होता, की हात पुरलाच नसता, निदान दोन हात लांब होता तो.

सहा इंच निघाले. त्याने पुन्हा मोजलं. तेवढेच निघाले.

शेवटी त्याने खांदे दुसऱ्याच कोणाचे तरी आणून जोडले, मागे फिकट निळा रंग भरला. उघडं तोंड बघवेना, म्हणून ओठ हळूहळू जवळ आणून मिटवले. काम सफाईदार झालं. फ्रेमवाल्याकडून काच बसवून घेतली आणि रविवारी सकाळी तो अकोल्याच्या एसटीत बसला. मूर्तिजापूर आलं तेव्हा तो दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत होता.

मैनाताई सत्तरीला टेकली होती. घरात नव्या रंगाचा वास होता, पोरगा-सून बाजारात गेले होते. तिने चहा केला, बशी पुढे सरकवली, मग पदराने हात पुसून फोटो मांडीवर घेतला. बराच वेळ बघितलं.

“कुठचा हाय?”

“मूर्तिजापूर टेशनवरचा. गाडी सुटायच्या आधीचा.”

“सकाळचीच गाडी न ते? मंग घाम काहून इतका?”

फोटोतला घाम पुसायचा राहूनच गेला होता.

तिने काचेवरून बोट फिरवलं. “आन त्याचे ओठ कधी मिटत नसत, धर्मपाल. झोपेतबी नाई. याचं तोंड कोनं बंद केलं?”

चहा बशीत सांडला. मग त्याने सांगून टाकलं. उतरवलं मी, ताई. झोपलो नव्हतो. दरवाज्यात होतो. त्यानं हात केला आन म्या देल्ला नाही. सांगताना मान वर होत नव्हती, आवाज तेवढा निघत होता. सहा इंचही सांगितले. पुढच्या स्टेशनवर उतरून परत चढलो, तेही सांगितलं. अचलपूरचा उजेड मात्र सांगवला नाही.

मैनाताई ऐकत होती. तिला राग आला असता तर बरं झालं असतं.

“उगाच जिवाले लावून घेतलं तू,” ती म्हणाली. “दर्यापूरले मी व्हती न त्याच्यापाशी. रातभर बोलत व्हता. धर्मपालनं हात देल्ला, म्हणे. म्या धरला, म्हणे. चढलो मी गाडीत. आमी म्हणो, तापात बोलून राहिला. पण हात त्याचा असा,” तिने आपला उजवा हात पुढे करून बोटं वळवली, मध्ये कोणाचा तरी हात मावेल एवढी जागा ठेवून. “असाच राहिला. डाक्टरनं उघडून पाह्यला, उघडला नाई. तसाच नेला त्याले.”

मित्राने मरतानासुद्धा आपल्यासाठी खोटं बोलून ठेवलं, असं धर्मपालला वाटलं, आणि तोंड लपवायला त्या नव्या घरात कुठे कोपरा सापडेना.

“चाल, लावून दे,” ती म्हणाली. “माया हात पुरत नाई वर.”

आईबापाच्या फोटोंमध्ये खिळा होता. धर्मपालने फ्रेम दोन्ही हातांनी उचलून भिंतीशी धरली. मैनाताई बाजूने बघत होती. थोडं वर, म्हणाली. थोडं डावीकडं. दोरी खिळ्यावर बसल्याचं त्याला जाणवलं.

चेहरा अगदी जवळ होता. ओठ मिटलेले नव्हते.

त्याने उजवा हात काढून घेतला.

डाव्या तळहाताखालची काच तापली होती. मे महिन्यात लोखंड तापतं तशी. मग ती काच राहिली नाही. त्याच्या बोटांमध्ये आतून बोटं आली, घामेजलेली, आणि एकेक करून नीट, घट्ट मिटली.

“बसला बरोबर,” मैनाताई मागून म्हणाली. “सोड न आता.”

धर्मपाल केव्हाचा सोडतच होता.