खिडकीजवळची खाट

सिस्टरने मान वर केली, तर खिडकीबाहेर एक तरुण उभा. ती बघते आहे म्हटल्यावर त्याने घाईघाईने वॉकीटॉकी तोंडाशी धरला आणि जगाचा कारभार आपल्याच अंगावर असल्यासारखा बोलू लागला. तो इस्पितळाची ॲम्ब्युलन्स चालवायचा. त्याला सगळे सायरन म्हणत. मुलखाचा अबोल होता, म्हणून असेल.

तेवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवरच्या मावशींचं हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र किंचाळू लागलं. पडद्यावरची हिरवी रेघ सैरावैरा धावत सुटली. यंत्राच्या मते मावशींचा कारभार आटोपला होता. मावशींच्या मते चहात साखर नव्हती.

मोठे डॉक्टर आले, कपाळाला आठ्या घालून उभे राहिले.

"चक्कर येऊन पडल्या होत्या, त्यात ही रेघ. यंत्र म्हणतंय पेसमेकर बसवा. मला काही पटत नाही. सिस्टर, तुम्ही मनगट धरून बसा. सकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर मात्र शस्त्रक्रिया."

या मावशी सायरनच्या सख्ख्या मावशी. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं होतं. शस्त्रक्रियेचं ऐकल्यापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. जरा मोकळा झाला की पठ्ठ्या खिडकीशी हजर.

दुपारी भुरभुर पाऊस लागला. सिस्टर मनगट धरून बसली होती. खिडकीत सायरन आला – केस ओले, डोळे मावशींवर. सिस्टरने वर पाहिलं. तो गडबडला, वॉकीटॉकी तोंडाशी गेला... आणि रेघ उसळली!

बोटांखालची नाडी मात्र संथ चालली होती.

सिस्टरने खिडकी उघडली. "बोला."

"मी? काय... काय बोलू?"

"त्या डबड्यात. काहीही."

त्याने बटण दाबलं. "कंट्रोल... गाडी... गाडी तयार आहे."

रेघ नाचू लागली.

"सोडा बटण."

रेघ शहाण्या मुलीसारखी सरळ चालू लागली. डबड्यातून वैतागलेला आवाज आला, "अरे बाबा, सकाळपासून गाडी तयारच आहे! तुला जायचंय तरी कुठे?"

"मावशींच्या अंगावरच्या तारा तुमच्या डबड्याच्या लहरी पकडतायत," सिस्टर म्हणाली. "त्यांचं हृदय ठणठणीत आहे."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे... मीच मावशीला टेबलावर झोपवायला निघालो होतो?"

"गधड्या," मावशी खाटेवरून म्हणाल्या, "आधी पावसातून आत ये."

डॉक्टरांनी दुसरा वॉकीटॉकी आणून स्वतः खात्री केली. चक्कर उपाशीपोटी आलेली निघाली; शस्त्रक्रिया रद्द झाली. "खिडकीशी कोण बोलत होतं?" त्यांनी विचारलं.

"पावसात आडोशाला कुणीही उभं राहतं, डॉक्टर," सिस्टर म्हणाली, आणि उशी नीट करू लागली.

मग इस्पितळाने समिती नेमली. समितीने खिडकीच धोकादायक असल्याचं ठरवलं. तोवर तारा बदलून झाल्या होत्या – लहरी आत शिरू न देणाऱ्या वेष्टणाच्या – आणि वॉर्डाच्या बाजूला वॉकीटॉकी न्यायची बंदीही झाली होती.

मावशी घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सिस्टरने मान वर केली, तर खिडकीत सायरन. हात रिकामे, त्यांचं काय करावं हे न सुचल्यामुळे आळीपाळीने दोन्ही खिशांत जात होते.

"मावशी गेल्या की घरी."

"हो. आभार मानायचे होते."

"काल मानलेत. परवाही मानलेत."

"ते मावशीचे होते. आज माझे... तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. नोकरी गेली असती."

"कुणी मुद्दाम थोडंच करतं असं?"

त्याने दोन्ही हात खिशांतून बाहेर काढले. मग एकदम म्हणाला, "मुद्दामच करत होतो. म्हणजे – मावशीला बघायला यायचो, खरंच. पण तुम्ही वर बघितलंत ना, की माझी बोबडी वळायची. काहीतरी करतोय असं दाखवायला बटण दाबायचो."

सिस्टरने मनाशी उजळणी केली. मावशींची रेघ जेव्हा जेव्हा बिघडली, तेव्हा तेव्हा आपण मान वर केली होती. आणि ती काही दर वेळी कामासाठी केलेली नव्हती.

"म्हणजे निम्मा दोष माझा," ती हळूच म्हणाली.

"तुम्ही... रागावलात?"

"रागावले असते, तर खिडकी लावून घेतली असती." तिने गालातलं हसू लपवायचा प्रयत्न केला; तो साफ फसला. "उद्यापासून फाटकाशी थांबत जा. सहाला सुटते मी. खिडकीतून बोलताना मान अवघडते माझी."