स्वनाम चाचणी

जोडवी निघत नव्हती. शोभाने धाकट्या बहिणीच्या पायाला साबण चोळला, पिळून पिळून एकदाची काढली. मंगळसूत्र आधीच उतरलं होतं. विद्यापीठाच्या मेंदू-प्रयोगशाळेतल्या चुंबकरोधी खोलीत धातूचा कणही चालत नाही.

मेंदू चालतो तेव्हा त्यात बारीकशी वीज खेळते. तिचं चुंबकीय क्षेत्र कवटीबाहेर उमटतं. पृथ्वीच्या चुंबकत्वापुढे डोंगराशेजारच्या धुळीइतकं. डोक्यावर बसवलेलं संवेदकांचं शिरस्त्राण ते टिपतं. अपघातानंतर डोळे उघडे पण हूं की चूं नाही, अशा माणसाला कानातल्या नळीतून परकी नावं ऐकवायची, मध्येच त्याचं स्वतःचं. स्वतःच्या नावाला मेंदू दचकतो. दचकला तर उपचार चालू. दोनदा नाही दचकला तर बंद. सरकारने तसा नियमच करून ठेवला होता.

‘हेमांगी’ या नावाला मागच्या वेळी काही उमटलं नव्हतं. आजही खोलीबाहेरच्या पडद्यावर रेघ ढिम्म.

“संपलं म्हणायचं,” तिचे यजमान हेमंतराव म्हणाले.

शोभा उसळली. “हेमांगी कोण? ते तुम्ही लग्नात तांदळात अंगठीने लिहिलंत, तुमच्या नावाला जुळावं म्हणून. ती कुंदा आहे!”

“तीस वर्षं ओ देतेय ती हेमांगीला.”

“पोलिसाने हाक मारली तरी माणूस ओ देतो, हेमंतराव.”

डॉ. वाघमारेंनी वाद ऐकला, मायक्रोफोन शोभापुढे सरकवला.

“कुंदे, ए कुंदे!”

रेघ ताडकन उठली. पुन्हा हाक, पुन्हा उठली. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टी: चाचणी अवैध. नाव ओळखपत्राशी जुळत नाही.

डॉक्टरांनी उपचारांची मंजुरी देणाऱ्या सरकारी मंडळाला स्पीकरवर फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, “कुंदा नावाची रुग्ण आमच्याकडे दाखलच नाही, मॅडम.”

“अहो, ती आत जिवंत आहे!”

“असेल. मग नवऱ्याला सांगू द्या की कुंदा ती हीच.”

सगळे हेमंतरावांकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. घरात, भावकीत, ओळखपत्रावर आलेलं नाव आज खोटं ठरत होतं.

“एवढं बोला ना,” शोभाने हात जोडले.

“मी कुंदा नावाच्या बाईशी संसार केलेला नाही.”

मायक्रोफोन चालूच होता. रेघ एकदा उंच गेली, पार वरच्या कडेला टेकली आणि खाली बसली.

“कुंदे! अगं, मी आहे, शोभा. कुंदे!”

रेघ हलेना. डॉक्टरांनी यंत्र तपासलं. यंत्र ठीक होतं.

मग तिला आता ऐकू येत नव्हतं, की कुणालाच ओ द्यायची नव्हती?