नाल्यापलीकडची आखणी

रॉकेल संपलं, एवढंच काय ते निमित्त. कंदिलात संध्याकाळपुरतंही उरलं नव्हतं, म्हणून घनश्याम उन्हं कलताना डबा घेऊन लच्छू गाडीवानाच्या बैलबंडीत बसला. गाव काही लांब नव्हतं. कुंता दारात उभी राहून म्हणाली, "लवकर येजा. अन् मिर्ची आणजा थोडी." तो हो म्हणाला, बैल निघाले. बायकोला एकटं ठेवून चाललोय, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. स्वतःच्या हातानं बांधलेलं घर होतं ते, भ्यायचं कशाला?

आता त्या घराचं सांगायला हवं. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. गोंडपिपरीच्या पुढं जंगलात नागपूरच्या एका शेठजींना पाहुण्यांसाठी घर हवं होतं. घनश्याम चंद्रपूरच्या सोमाजी गवंड्याचा पोरगा, शिकून आर्किटेक्ट झालेला, आणि डोक्यात एकच खूळ: घर असं बांधायचं की जंगलाला पत्ताही लागू नये! लोक हसले. तिकडं गडचांदूरला सिमेंटच्या गोण्यांच्या थप्प्या लागताहेत, आणि हा बावा चिखल तुडवत बसलाय! पण गडी हट्टी. भिंती तिथल्याच मातीच्या, बांबू तिथलाच, छपरावर गवत पेरलेलं. मधल्या खोलीतून ऐनाचं झाड थेट वर गेलं होतं आणि त्याची फांदीही त्यानं तोडू दिली नव्हती. जमीन जशी वळली तशी भिंत वळली. बाजूच्या उतारावरून चितळं सरळ छपरावर येऊन चरायची. नवखा माणूस अंगणात उभा राहून विचारायचा, घर कुठी हाय भाऊ?

घनश्यामला त्याचा भारी अभिमान वाटायचा.

एक काम मात्र राहून गेलं होतं. पहिली आखणी त्यानं नाल्यापलीकडं केली होती. चुन्याची फक्की टाकून खोल्या पाडल्या, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. मग कळलं की पावसाळ्यात तिथं पाणी चढतं, म्हणून सगळं अलीकडं आणलं. त्याचे बाबा असते तर त्यांनी आधी तिकडच्या खुंट्या उपटल्या असत्या, फक्की पायानं पुसली असती, मगच इकडं दोरी लावली असती. सगळे जुने गवंडी तसंच करतात. घर आखायचं आणि बांधायचं नाही, तर निदान पुसून तरी जायचं. घनश्यामला ठाऊक होतं की हे. उद्या करू म्हणाला, उद्याचं परवावर गेलं, आणि तिकडं गवत वाढलं.

कुंता चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या शाळेत मास्तरीण. लग्न झाल्यापासून दोघांचं एकत्र राहणं सुट्टीपुरतंच. घर पुरं झालं, आणि पाहुणे येईतो ते दोघांचंच, म्हणून ती रजा काढून आली होती. त्याचा फार जीव होता तिच्यावर, आणि चारचौघांत बोलून दाखवायलाही तो लाजत नसे.

परत येईतो दिवेलागण झाली. घराकडच्या उतारापाशी बैल अडले. लच्छूनं चुचकारलं, शिव्या घातल्या, पण पाय उचलतील तर शपथ.

"राहू दे," घनश्याम म्हणाला. "जातो मी पायी."

"मी इथीच थांबतो, भाऊ," लच्छू हळूच म्हणाला. "तुमी आत गेले की आवाज द्या."

रातकिडे गप्प होते. हवेत ओल्या चिखलाचा वास दाटला होता. झाडांतून चुलीचा उजेड दिसला तसा घनश्याम सुखावला. दाराशी वाकून आत शिरला, डबा ठेवला.

"कुंता?"

"आले का जी?" आतून आवाज आला. "मिर्ची आणली?"

"आणली." त्यानं भिंतीला हात टेकला, आणि तो हात मनगटापर्यंत आत गेला.

भिंत ओली होती. गार, लिबलिबीत. उन्हाळाभर वाळून दगड झालेली भिंत! त्यानं हात ओढून काढला आणि कान दिला. नाल्याचं पाणी घराच्या मागं वाजायला हवं होतं. ते समोर वाजत होतं.

तो धडपडत बाहेर आला. समोर नाला, आणि नाल्यापलीकडं त्याचं घर. तो उभा होता ती जागा पहिल्या आखणीची, आणि नाला तर त्यानं ओलांडलाच नव्हता. तेच वळण, तोच ऐन, तसाच चुलीचा उजेड. मागच्या दारात कुंता, डोळे ताणून बघत होती.

"अहो... तिकडं कुठी गेले? ते कोणाचं घर हाय?"

त्याच्या पाठीमागून, अगदी खांद्याजवळून, कुंता म्हणाली, "कोण बोलून राह्यलं जी तिथी?"

मागं न पाहता तो नाल्यात उतरला. पाणी गुडघाभर होतं. मधोमध पोचला आणि त्याला कळेचना की आपण कुठून आलो नि कुठं चाललो. दोन्हीकडं सारखाच काठ होता आणि सारखंच घर. जंगलाला ओळखू येणार नाही असं घर बांधायला निघाला होता पठ्ठ्या, आता त्यालाच ओळखू येईना!

"कुंता!" तो ओरडला. "तू... तू मले काय आणाले सांगितलं होतं?"

"मिर्ची," एका काठावरून उत्तर आलं.

"मिर्ची," दुसऱ्या काठावरून आलं. तोच आवाज, तीच भीती. दोघी रडत होत्या.

"इकडं या ना जी... मले भेव वाटते."

"मले भेव वाटते..."

मग त्यानं डोळे मिटले, ज्या काठाकडं पाय वळले तिकडं धावला, आणि तिचा हात धरला. हात गरम होता. अगदी कुंताचाच. त्यानं तिला ओढत ओढत उतार चढवला, बंडीत बसवलं आणि स्वतः तिला चिकटून बसला.

"हाक, लच्छू! हाक!"

लच्छूनं कासरा सैल सोडला. आता बैल उधळल्यासारखे पळाले.

मागून आवाज आला. आधी हाक, मग ऊर फुटेस्तोवर रडणं. "अहो... मले सोडून काऊन चालले?... अहो..."

घनश्यामनं कान दिला. मागच्या त्या रडण्यातला हुंदका ओळखीचा होता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून निघताना ती अशीच रडली होती. त्यानं शेजारच्या कुंताचा हात घट्ट धरला. ती थरथरली नाही. मागं वळून अंधाराकडं बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

"तिले बी घ्या ना जी," ती म्हणाली. "एकटी कशी राहील ती?"

लच्छूनं कासरा ओढला नव्हता. तरी बैल थांबले, आणि बंडीत ओल्या चिखलाचा वास दाटला.