हाकेला ओ

दिवा जरा पुढे सरकव आणि तू मागे सरक. माझी गोष्ट ऐकताना कोणी दचकून दिव्यावर पडलं, तर खापर माझ्याच डोक्यावर फुटतं. गावात काहीही बिघडलं की म्हाताऱ्याचंच काम, असा निकाल ठरलेला.

मी बाप होतो. सोमवारी एकाचा बाप, बुधवारी एकीचा सासरा, मध्येच कोणाचा मेहुणा. त्याचं असं होतं : आजाऱ्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाता यावं म्हणून एक संस्था दोघांना बसची जाण्यायेण्याची फुकट कूपनं द्यायची. पण अट अशी की सोबत घरचं माणूस हवं; एकट्या आजाऱ्याला कूपन नाही. आता ज्याच्या घरी गाडीभाडं नाही, त्याच्या घरी रिकामं माणूस कुठून असणार? एक खाडा झाला की चूल थंड. गावात पुरता रिकामा मी एकटाच. चौथीत दोनदा नापास झालो, पण नातं लावण्यात माझा पहिला नंबर. फॉर्मवर 'नाते' अशी एक रेघ असते. एकदा घाईत मी एका पैलवानाची आत्या झालो. कारकुनाने वर न बघता शिक्का मारला.

सगळ्यांत जास्त दिवस बाप झालो तो गोण्या शिवणारीचा. तिशीची पोर, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं. एक खेप चुकली की अंगावर सूज, दोन चुकल्या की... समजलास ना. नवरा सोडून गेलेला, घरी डोळ्यांनी अधू आई.

पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं, "बाबा म्हणायची सवय कर. कंडक्टर खट आहे."

"सवय कुठली असणार?" ती म्हणाली. "मी सहा वर्षांची होते, म्हातारपणीची लेक. बाबा याच दवाखान्यात निघाले होते. गाडीभाडं नव्हतं, म्हणून चालत. वाटेतच राहिले."

मी दोघांचीही कूपनं तिच्याच पिशवीत ठेवायला दिली. मग म्हटलं, "हा बाप बसने जाणारा आहे. काळजी सोड."

ती हसली, पण अर्धंच. माझ्या सगळ्या थट्टांवर ती अर्धंच हसायची.

माझी एक खोडी ठरलेली. थांब्यामागे पडकी भिंत आहे, तिच्याआड दडून बसायचो. बस दिसली की ती घाबरून हाका मारायची, तिसऱ्या हाकेला "ओ!" करून मी उडी मारायचो. ती चिडायची. "बस चुकली ना, तर पाठीवर घेऊन न्यावं लागेल हं!"

त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की स्वतःचा हात शोधावा लागत होता. मी भिंतीआड. ओल्या मातीचा वास येत होता. नुसत्या दवाचा नाही... नुकतंच कुणी खोल खणलं असावं तसा. दूरवर बसची घरघर ऐकू आली.

"बाबा..." पहिली हाक.

मी तोंडावर हात दाबला.

"बाबा, बस आली..."

दोन दिवे धुक्यात पिवळे झाले. ब्रेक करकरले.

"बाबा, या ना हो..."

मी तोंड उघडलं. आणि माझ्याआधी कोणीतरी म्हणालं, अगदी हळू...

"आलो गं."

डोकावलो, तर एक पाठमोरा म्हातारा तिच्या दंडाला धरून तिला पायरीवर चढवत होता. हळूहळू, खूप चालून आल्यासारखा. दार लागलं. बस धुक्यात विरली.

आणि मी गाढव हसलो! वाटलं, पोरीने डाव उलटवला. कोणालातरी गाठून माझीच खोडी माझ्यावर फिरवली. शाब्बास! घरी जाऊन पांघरूण घेऊन ताणून दिली.

संध्याकाळच्या बसला दाराशी जाऊन उभा राहिलो. ती उतरली की तिची चांगली फिरकी घ्यायचं ठरवलं होतं. दार उघडलं. कोणी उतरलं नाही. दार लागलं, बस गेली. खांदा तेवढा गार पडला होता, म्हटलं, वारा.

दुसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्यातून निरोप आला.

मी पहिल्या बसने निघालो. सकाळचा कंडक्टर म्हणाला, "काल पोरगी काय हसत होती! सगळ्या वाटेत. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत."

पूर्ण हसत होती. माझ्यासोबत एकदाही नाही.

वॉर्डातली नर्स ओळखीची होती. मला बघून ती गोंधळली. "काल तुम्ही नव्हता ना? ती म्हणत होती, आज माझे खरे बाबा आलेत. मला वाटलं, तुमच्यासारखीच थट्टा करतेय." मग तिने आवाज खाली आणला. "यंत्र सुरू असतानाच हृदय थांबलं. आम्ही खूप धडपडलो. ते बाबा तिचा हात धरून बसले होते. हात मात्र शेवटपर्यंत सोडला नाही."

"काही बोलले?"

"यंत्राला लावायच्या आधीच तिचं परतीचं कूपन माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, हिला लागणार नाही." नर्सने माझ्याकडे बघितलं नाही. "स्वतःचं खिशात घातलं. म्हणाले, मला घरी जायचंय... फार वर्षं झाली."

तिला गावी आणली. आईने चाचपडत तिचा चेहरा पाहिला आणि मला विचारलं, "तुम्ही होता ना जवळ?"

उभा जन्म मी खोटी नाती सांगितली. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. "होतो," म्हणालो.

ती हाक माझी होती रे. मी ओ दिली नाही... मी दिली असती तर तिचा जीव वाचला असता, की ती माझ्यासारख्या भाडोत्री बापाचा हात धरून गेली असती, हे मला कोणी सांगत नाही.

पंधरा दिवसांनी संध्याकाळच्या बसचा कंडक्टर भेटला. तो निराळा माणूस. तिला ओळखत नव्हता. सहज विचारावं तसं विचारलं, "मी दाराशी उभा होतो त्या दिवशी इथे कोणीच उतरलं नव्हतं, नाही?"

"उतरला की एक म्हातारा," तो म्हणाला. "कूपनवाला. गुडघे धरले होते बिचाऱ्याचे... तुमच्याच तर खांद्याला धरून उतरला."